डॉ. ड्रे : कॉम्प्टनचा डीजे, लताबाईंचा आवाज आणि मालकीचा हिशेब

बाराबंदी

२००२-०३ च्या सुमारास ज्यांच्या घरी केबल होती त्यांना 'कलियों का चमन' हे रिमिक्स नक्की आठवत असेल. मूळ गाणं १९८१ च्या 'ज्योती' चित्रपटातलं, बप्पी लाहिरींचं संगीत, लताबाईंचा आवाज. पण हे रिमिक्स आपल्याकडे येण्याआधी तीच चाल आणि तोच आवाज अमेरिकेत गाजून आला होता. ट्रूथ हर्ट्स नावाच्या गायिकेचं 'ॲडिक्टिव्ह' हे गाणं बिलबोर्डच्या मुख्य यादीत नवव्या क्रमांकापर्यंत गेलं आणि त्यात लताबाई जवळजवळ पूर्ण वेळ ऐकू येतात. ते ज्या कंपनीने काढलं तिचं नाव आफ्टरमॅथ, आणि तिचा कर्ताधर्ता अमेरिकन रॅपर आणि संगीत-निर्माता डॉ. ड्रे. हॉस्टेलमध्ये एका मित्राने मला ते हेडफोनवर ऐकवलं तेव्हा अंगावर काटा आला होता. त्या दिवसापासून हा माणूस माझ्या डोक्यात आहे. त्याच्याबद्दल मराठीत सविस्तर काही वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा.

खरं नाव आंद्रे यंग. जन्म १८ फेब्रुवारी १९६५, लॉस एंजेलिसला लागून असलेल्या कॉम्प्टनचा. सुरुवात डीजे म्हणून, 'ईव्ह आफ्टर डार्क' नावाच्या क्लबात. पुढे ईझी-ई, आइस क्यूब वगैरे मंडळींबरोबर एन.डब्ल्यू.ए. हा रॅप गट. १९८८ चा त्यांचा अल्बम इतका खळबळजनक ठरला की पुढच्या वर्षी एफबीआयच्या एका अधिकाऱ्याने त्यांच्या कंपनीला नाराजीचं पत्र धाडलं. गट जोरात होता, पण पैसे नेमके कुठे जातात हे गाणाऱ्यांना कळत नव्हतं. आइस क्यूब १९८९ मध्ये हिशेबावरूनच बाहेर पडला. १९९१ मध्ये ड्रेही गेला.

मग शुग नाइटबरोबर डेथ रो रेकॉर्ड्स ही कंपनी. डिसेंबर १९९२ चा 'द क्रॉनिक' हा अल्बम पश्चिम किनाऱ्याच्या रॅपचा चेहराच बदलून गेला. संथ ठेका, खोल बास, वर सिंथेसायझरची शिट्टीसारखी बारीक धून. स्नूप डॉग याच अल्बममधून घराघरात पोचला.

आता माझ्या मते त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय. डेथ रो कमाईच्या शिखरावर असताना, मार्च १९९६ मध्ये, तो कंपनीतला आपला निम्मा हिस्सा सोडून निघून गेला. भरपाई नाही, जुन्या अल्बमांच्या मूळ ध्वनिमुद्रणांवर ताबा नाही. तिथली दहशत आणि मारामाऱ्या त्याला सहन होईनात. बरोबर काय घेतलं? आपलं नाव आणि आपले कान. दहा वर्षांनी, २००६ मध्ये, डेथ रो दिवाळखोरीत गेली.

मग त्याने आफ्टरमॅथ काढली. तिची पहिली दोन वर्षं वाईट गेली, कंपनी गुंडाळा असं वरचे लोक म्हणू लागले. आफ्टरमॅथच्या पाठीमागच्या इंटरस्कोप या रेकॉर्ड कंपनीचा प्रमुख जिमी आयोवीन मात्र त्याच्या पाठीशी उभा राहिला आणि त्याच्याच घरी ड्रेने एका गोऱ्या पोराची टेप ऐकली. तो एमिनेम. १९९९ मध्ये त्याचा पहिला मोठा अल्बम, त्याच वर्षी ड्रेचा स्वतःचा '२००१', २००३ मध्ये ५० सेंट, २०१२ मध्ये केंड्रिक लमार. स्वतःच्या नावावर उण्यापुऱ्या तीस वर्षांत फक्त तीन एकल अल्बम, पण दुसऱ्यातलं सोनं ओळखण्यात त्याच्या तोडीचा माणूस मला तरी दिसत नाही.

आणि शेवटी बीट्स, त्याची हेडफोनची कंपनी. त्याच्या वकिलाने सुचवलं होतं की बूट विक, खेळाडू विकतात तसे. आयोवीनला हे समुद्रकिनाऱ्यावर सांगितल्यावर तो म्हणाला, बूट कसले, स्पीकर विकू. २००६ मध्ये कंपनी, २००८ मध्ये पहिला हेडफोन, किंमत साधारण ३५० डॉलर. २०१४ च्या मे महिन्यात ॲपलने ती ३ अब्ज डॉलरना घेतली, म्हणजे तेव्हाच्या दराने १८ हजार कोटी रुपये. ड्रेचा वाटा पाव हिश्शाच्या आसपास धरला जातो. 'फोर्ब्स'ने त्या वर्षीची त्याची करपूर्व कमाई ६२ कोटी डॉलर मांडली. एका वर्षात एवढं कमावणारा संगीतकार त्यांच्या यादीत त्याआधी कोणी नव्हता.

गाण्याने त्याला नाव दिलं, हिश्श्याने पैसा दिला. तुमचं मत लिहा.

रानजाई

बाराबंदी, धागा आवडला. पण एक गोष्ट सुटली आहे आणि ती मी सुटू देणार नाही. जानेवारी १९९१ मध्ये याच माणसाने डी बार्न्स या टीव्ही निवेदिकेला एका पार्टीत बेदम मारलं होतं. कोर्टात त्याने आरोप नाकारले नाहीत. दंड, समाजसेवा आणि प्रोबेशनवर फौजदारी प्रकरण मिटलं, दिवाणी दावा कोर्टाबाहेर. तिचं टीव्हीवरचं करिअर संपल्यात जमा झालं, त्याचं मात्र नंतर सुरू झालं. २०१५ मध्ये एन.डब्ल्यू.ए.वर चित्रपट आला, त्यातही ही घटना नव्हती. बार्न्सने त्यावर जाहीरपणे लिहिलं, तेव्हा कुठे त्याने आपण दुखावलेल्या स्त्रियांची माफी मागितली. मधे चोवीस वर्षं गेली. संपत्तीचा हिशेब मांडायचा तर हेही त्याच वहीत लिहायला हवं.

बाराबंदी

रानजाई, तुमचं पूर्ण पटलं. लेखात यायलाच हवं होतं. संपादनाची मुदत गेली आहे, नाहीतर आत्ताच टाकलं असतं.

पांढरी_सहा

मी पेटी वाजवते, रॅपशी माझा संबंध मुलामुळे आला. 'स्टिल डी.आर.ई.' या गाण्याची सुरुवातीची पियानोची धून तो दिवसभर शिट्टीवर वाजवायचा. एकदा वैतागून पेटी उघडली आणि शोधून काढली. पांढरी सहा सा धरा. कोमल ग, प आणि वरचा सा एकत्र दाबायचे, आठ वेळा. मग ग च्या जागी रे घ्यायचा, बाकीची बोटं तशीच, तीन वेळा. मग रे-प तसेच ठेवून सा च्या जागी कोमल नी, पाच वेळा. आठ अधिक तीन अधिक पाच, सोळा. एक आवर्तन पूर्ण. बस, एवढंच! एका वेळी एकच बोट हलतं. ठेका मात्र घड्याळासारखा हवा, जरा ओढलात की सगळं मेलं.

ही धून स्कॉट स्टॉर्चने वाजवली आहे. आणि गंमत म्हणजे शब्द ड्रेचे नाहीत, जे-झी या दुसऱ्या रॅपरने लिहून दिलेले. मग प्रश्न पडतो की धून दुसऱ्याची, शब्द तिसऱ्याचे, तर ड्रेचं काय? मुलाचं म्हणणं असं की तो आमच्या जुन्या संगीतकारांसारखा आहे. सतार कोणी वाजवेल, अंतरा कोणी गाईल, पण टेक कधी 'ओके' म्हणायचा हे त्याने ठरवायचं. एकच ओळ तो शंभर-शंभर वेळा म्हणून घेतो असं त्याच्याबरोबर काम केलेले सांगतात. हे मला पटलं.

तपकीर_गल्ली

हेडफोन दुरुस्त करणं हा माझा धंदा आहे, पुण्यात. बीट्सबद्दल ऑडिओवाले नाकं मुरडतात, बास फार आहे म्हणतात. पहिल्या मॉडेलांत होताच. पण लोकांना काय हवंय हे त्या दोघांनी बरोबर ओळखलं. त्या काळात सगळी पोरं फोनबरोबर आलेल्या फुकटच्या पांढऱ्या वायरींवर गाणी ऐकत होती, त्यात बास नावाला नव्हता. ड्रेचं दुःख असं की मी स्टुडिओत महिनोन् महिने बास घासतो आणि हे लोक तो ऐकतच नाहीत.

माझ्या काउंटरवर 'बी'वाले जे येतात त्यातले बहुतेक नकली असतात. कवच उघडलं की कळतं. सोल्डर ढोबळ, वायर केसासारखी, आतला ड्रायव्हर साध्या ट्रान्झिस्टरमधल्यासारखा. पण बाहेरचं ते लाल 'बी' अगदी हुबेहूब. गिऱ्हाईकाला सांगितलं की नकली आहे, तरी तो म्हणतो चालू करून द्या. त्याला ते गळ्यात घालायचं असतं. त्यावरून मला कळलं की ही कंपनी ३ अब्जांना का गेली.

मार्केटिंगही जबर होतं. २००८ च्या ऑलिम्पिकला लेब्रॉन जेम्सने अमेरिकेच्या अख्ख्या बास्केटबॉल संघाला हेडफोन वाटले, त्याला कंपनीत हिस्साही होता. २०१२ ला लंडनमध्ये प्रायोजक नसतानाही ब्रिटिश खेळाडूंच्या कानावर त्यांच्या झेंड्याच्या रंगातले बीट्स होते.

एक बाजू मात्र कोणी सांगत नाही. सुरुवातीची चार वर्षं हे हेडफोन मॉन्स्टर नावाच्या केबल कंपनीने बनवले, नोएल ली यांच्या. इंजिनिअरिंग त्यांचं, कारखान्यांची जुळणी त्यांची. २०१२ अखेर करार संपला. लींकडे थोडा हिस्सा उरला होता, तोही त्यांनी ॲपलच्या सौद्याआधी काही महिने विकून टाकला. नंतर कोर्टात गेले आणि हरले. हाताने काम करणाऱ्या माणसाला हे वाचून झोप लागत नाही हो.

पॅसिफिक_पारिजात

आम्ही लॉस एंजेलिसजवळ टॉरन्सला राहतो, ९१ फ्रीवेने पूर्वेला निघालं की कॉम्प्टन लागतंच. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं काहीतरी भयंकर जागा असेल. प्रत्यक्षात बैठी घरं, पुढे लहानसं अंगण, लोखंडी जाळीचं कुंपण. २०२२ च्या फेब्रुवारीत सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची अंतिम लढत, आमच्या शेजारी इंगलवूडला झाली, तेव्हा मध्यंतराच्या कार्यक्रमाचा सेट अगदी तसाच होता. पांढरी घरं, जमिनीवर कॉम्प्टनचा नकाशा, आणि त्यात तो 'ईव्ह आफ्टर डार्क' क्लबसुद्धा. ड्रे मधोमध पांढऱ्या पियानोवर बसला आणि पांढरी_सहाताईंनी सांगितलेली तीच धून सुरू झाली. घरात आम्ही चौघं उभे राहिलो. त्याआधी वर्षभर, जानेवारी २०२१ मध्ये, तो मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या फुग्यामुळे आयसीयूत होता.

पैसा कुठे गेला तेही लिहिते. २०१३ मध्ये आयोवीन आणि त्याने मिळून युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाला ७ कोटी डॉलर दिले, कला, तंत्रज्ञान आणि व्यवसाय एकत्र शिकवणारी शाखा काढायला. तेव्हा इथे बरेच लोक म्हणाले की श्रीमंत विद्यापीठाला कशाला, कॉम्प्टनच्या मुलांना द्या. २०१७ मध्ये त्याने कॉम्प्टन हायस्कूलच्या नाट्य-संगीत केंद्रासाठी १ कोटी डॉलर दिले. मला वाटतं त्याने टीका ऐकली.

निरंजनी

अब्जाधीश होता की नाही यावर भांडण नको म्हणून सांगते. २०१४ च्या मे मध्ये सौदा जाहीर होण्याआधीच एका व्हिडिओत तो 'हिपहॉपचा पहिला अब्जाधीश' म्हणून मिरवला गेला. 'फोर्ब्स'च्या हिशेबात मात्र तो तेव्हा आकड्याच्या अलीकडेच राहिला. त्यांनी तो मान २०१९ मध्ये जे-झीला दिला. जे-झीची गोष्ट वेगळी आहे. रोकावेअर हा कपड्यांचा ब्रँड २००७ मध्ये २० कोटी ४० लाख डॉलरना विकला, मग शॅम्पेन, कोन्याक, स्ट्रीमिंग अशी दहा टोपल्यांत अंडी. ड्रेची सगळी भिस्त एकाच टोपलीवर होती. शिवाय घटस्फोटात १० कोटी डॉलर गेले.

काळा_कोट

बाराबंदींनी लताबाईंच्या गाण्याने सुरुवात केली म्हणून लिहायला बसलो, कारण या प्रकरणातली खरी शिकवणी कोर्टातच झाली.

'ॲडिक्टिव्ह' या गाण्याचा निर्माता डीजे क्विक. त्याने टीव्हीवर लागलेल्या हिंदी चित्रपटातला तुकडा उचलला. परवानगी कोणाचीच घेतली नव्हती. इकडून सारेगम या रेकॉर्ड कंपनीने ५० कोटी डॉलरचा दावा लावला, तिकडे बप्पीदांनी लॉस एंजेलिसच्या फेडरल कोर्टात धाव घेतली. २००३ मध्ये कोर्टाने सांगितलं की बप्पी लाहिरींचं नाव छापल्याशिवाय सीडी विकायची नाही. आपल्याकडे वर्तमानपत्रांत मोठ्या बातम्या आल्या, बप्पीदा जिंकले म्हणून सगळे खूश. पुढचं कोणी छापलं नाही. चौकशीत निघालं की चाल त्यांनी चित्रपटाच्या निर्मात्यासाठी मोबदला घेऊन केली होती आणि हक्क निर्मात्याकडून ग्रामोफोन कंपनीकडे, म्हणजे आजच्या सारेगमकडे गेले होते. मालकीचा त्यांचा दावा टिकला नाही. २०१० मध्ये अपील कोर्टाने त्यांच्या वकिलावर बसवलेला सुमारे अडीच लाख डॉलरचा भुर्दंडही कायम ठेवला, पोकळ दावा रेटला म्हणून.

म्हणजे बघा, चाल बप्पीदांची, गळा लताबाईंचा, आणि कायद्याच्या कागदावर दोघांचंही नाव मालक म्हणून नाही. लताबाईंना हे साठच्या दशकातच कळलं होतं. गायकाला रॉयल्टी मिळालीच पाहिजे या आग्रहापायी रफीसाहेबांशी काही वर्षांचा अबोला झाला, तरी त्या हटल्या नाहीत. भारतात गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा न विकता येणारा वाटा मिळायला कायद्यात २०१२ ची दुरुस्ती यावी लागली.

ड्रेही या बाबतीत दोन्ही बाजूंनी उभा राहिला आहे. २०१० मध्ये एमिनेमला आधी करारबद्ध करणाऱ्या निर्मात्यांनी त्याच्या आफ्टरमॅथविरुद्ध खटला जिंकला. डाउनलोड म्हणजे विक्री नव्हे, परवाना आहे, म्हणून १२ ते २० टक्के नव्हे तर ५० टक्के द्या, असा निकाल. पुढच्याच वर्षी ड्रे स्वतः फिर्यादी होता. 'द क्रॉनिक' डिजिटल विकायचा हक्क मी डेथ रोला दिलाच नव्हता, हे त्याचं म्हणणं कोर्टाने मानलं. १९९६ मध्ये हात झटकून निघालेल्या माणसाला पंधरा वर्षांनी जुन्या करारातल्या एका न लिहिलेल्या गोष्टीने हात दिला.

आणखी एक. 'द क्रॉनिक'च्या वेळी तो जुन्या रेकॉर्डचा तुकडा जसाच्या तसा उचलण्याऐवजी बऱ्याचदा तीच चाल वादकांकडून नव्याने वाजवून घ्यायचा. असं केलं की फक्त चालीच्या हक्कदाराला पैसे द्यावे लागतात, ध्वनिमुद्रणाच्या मालकाला नाही. कानाला आवाज भरदार मिळतो तो वेगळाच.

बाराबंदी

काळा_कोट साहेब, मुजरा. बप्पीदांच्या खटल्याचा शेवट मलाही माहीत नव्हता. इतकी वर्षं मी 'बप्पीदा जिंकले' असंच सांगत फिरतोय. आणि तुम्ही म्हणताय ते पाहिलं तर माझं वरचं शेवटचं वाक्यही अपुरं आहे. हिस्सा त्याला बीट्सच्याही आधी, करार वाचता येऊ लागल्यावर मिळाला.

इस्लामपूरकर

वाचनमात्र होतो, आज लिहितोय. काळा_कोट साहेबांचा प्रतिसाद वाचून गळा दाटला.

माझे काका ढोलकी वाजवायचे आणि चाली बांधायचे. नव्वदीत भक्तिगीतांच्या कॅसेटी जोरात होत्या तेव्हा एका कंपनीने त्यांच्याकडून आठ गाणी करून घेतली. एका दिवसात रेकॉर्डिंग, सकाळी नऊ ते रात्री अकरा. मी बरोबर गेलो होतो, चहा आणायला. काकांनी शेवटच्या गाण्याला ढोलकीची पुडी उतरली म्हणून गॅसच्या शेगडीवर धरून तापवली, ते अजून डोळ्यासमोर आहे. घरी येताना खिशात ३,००० रुपये. काकूला साडी घेतली.

त्यातलं एक गाणं आजही आमच्या भागातल्या प्रत्येक यात्रेत लागतं. यूट्यूबवर कंपनीच्या चॅनलवर लाखोंनी लोकांनी ऐकलंय. काकांचं नावसुद्धा नाही तिथे. फोन केला तर म्हणाले, सगळे हक्क आमचे, कागद आहे. काका म्हणतात, जाऊ दे, देवाचं गाणं आहे. ते सत्तरीच्या पुढे आहेत. मला मात्र जाऊ द्यावंसं वाटत नाही. काही होऊ शकतं का?

काळा_कोट

इस्लामपूरकर, दोन गोष्टी सांगा. कागदावर तारीख कोणती, आणि हक्क किती वर्षांसाठी दिले असं त्यात लिहिलंय का? आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ मध्ये असं आहे की मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांचंच धरायचं, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारतापुरतं. पण हे १९९४ च्या दुरुस्तीने आलं, अंमल मे १९९५ पासून. त्याआधीच्या करारांना लागू नाही. त्यामुळे सगळं तारखेवर आहे. काकांची प्रत असेल तर शोधा. नसेल तर कंपनीकडे लेखी मागा, फोनवर नको.

पांढरी_सहा

इस्लामपूरकर, काकांना माझा नमस्कार सांगा. गाण्याची लिंक द्याल का? निदान आम्ही तरी त्यांच्या नावानिशी ऐकू.

तपकीर_गल्ली

जुनी कॅसेट सापडली तर मला कुरिअर करा. फिती साफ करून डिजिटल करून देतो, पैसे नकोत. कव्हरवर नाव छापलेलं असेल तर तेवढा पुरावा.

इस्लामपूरकर

सगळ्यांचे आभार. रविवारी काकांकडे जाऊन आलो. काकूने माळ्यावरची लोखंडी पेटी उतरवली. वर जुन्या पगड्या, नाळ, पंचांगं, तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत कॅसेट आणि घडी घालून ठेवलेला स्टॅम्पपेपर. कॅसेटच्या कव्हरवर 'संगीत' असं लिहून पुढे काकांचं पूर्ण नाव छापलंय. स्टॅम्पपेपर २० रुपयांचा, तारीख फेब्रुवारी १९९७. टाइप केलेला मजकूर दीड पान. आठही गाण्यांची नावं आहेत, रक्कम आहे, काकांची सही आहे, साक्षीदार म्हणून स्टुडिओतल्या एकाची सही आहे. 'कालावधी' असं लिहून पुढे टिंबं टिंबं आहेत, त्यावर काही भरलेलंच नाही. मी तीन वेळा वाचलं.

काळा_कोट

फोटो इथे टाकू नका. मूळ कागद घरातून हलवू नका, दोन रंगीत झेरॉक्स काढा आणि मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. काकांना आत्ताच काही सांगू नका, आधी मी वाचतो.